वायफायच्या पाटीला आधी वायफाय लागतं! लाकडी टॅप-स्कॅन पाट्या, दीड वर्षाचा अनुभव

गेल्या महिन्यात एका होमस्टेवाल्या मैत्रिणीने फोटो बघून विचारलं, अगं तुझ्या खोल्यांमधल्या त्या लाकडी पाट्या कुठून घेतल्यास, आम्हाला पण हव्यात, तेव्हा तिला फोनवर पाऊण तास सगळी कथा सांगितली आणि फोन ठेवल्यावर वाटलं हे एकदा लिहूनच टाकावं, कारण हाच प्रश्न मला आता सातव्या-आठव्यांदा येतोय.

आमचा होमस्टे दापोली तालुक्यात, हर्णै-आंजर्ले पट्ट्यात. पाच खोल्या, एक पडवी, एक जेवणाची पडवी. मी, नवरा, सासूबाई आणि मदतीला दोन बायका, एवढाच कारभार. रिसॉर्ट वगैरे समजू नका, चिऱ्याचं जुनं घर आहे, मागे वाडी आहे.

आता पाट्या म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. तळहाताएवढी किंवा थोडी मोठी लाकडाची फळी, तिच्यावर क्यूआर कोरलेला असतो आणि मागच्या बाजूला आत एनएफसीचा, म्हणजे फोन जवळ नेला की वाचता येणाऱ्या चिपचा, गोल स्टिकर दडवलेला असतो. पाहुण्याने एकतर कॅमेऱ्याने स्कॅन करायचं नाहीतर फोन पाटीला नुसता टेकवायचा, की वायफाय, जेवणाचा मेनू, गीझर कसा लावायचा, जवळ काय बघायला आहे, जे काय तुम्ही घातलं असेल ते फोनवर उघडतं. बॅटरी नाही, वायर नाही. फोनच त्या स्टिकरला टेकवल्यावर तेवढ्यापुरती वीज पुरवतो.

याआधी आमच्याकडे काय होतं तर लॅमिनेट केलेला कागद. प्रत्येक खोलीत दाराच्या मागे. त्यावर वायफायचं नाव, पासवर्ड आणि खाली नवऱ्याने टाइप केलेल्या अकरा सूचना ज्या कुणीही कधीही वाचल्या नाहीत. श्रावण येईपर्यंत लॅमिनेशनच्या कडेने ओल शिरायची आणि कागदावर काळे ठिपके यायचे, बरोब्बर पासवर्डच्या जागी. मग रात्री साडेदहाला गॅलरीतून हाक, "काकू, तो शेवटचा झिरो आहे की ओ?" मी खालून ओरडायचे झिरो, शेजारच्या खोलीतले पण उठून बसायचे. एकदा तर मी झोपेत चुकून आमचा घरातला खाजगी पासवर्ड ओरडून सांगितला, जाऊ दे.

म्हणून तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी ऑनलाइन एका ठिकाणाहून सात पाट्या मागवल्या. नाव लिहीत नाही, उगीच भांडणं नकोत. जाहिरातीत "हँडमेड, सॉलिड सागवान" असं लिहिलेलं, फोटोत एक दाढीवाला माणूस रंधा मारतोय. एक पाटी अकराशे पन्नासला, सात मिळून आठ हजार पन्नास. आल्या तेव्हा दिसायला सुंदर होत्या हे खोटं कशाला बोलू, गुळगुळीत, कडा गोल केलेल्या, इंग्रजीत मोठ्ठं "टॅप हिअर", सगळ्यांनी हातात घेऊन वा वा केलं. सासूबाईंनी मात्र एक पाटी उलटी केली, नखाने कड खरवडली आणि म्हणाल्या, "सागाचा वास येत नाही गो याला." मी म्हटलं आई, पॉलिश केलंय ना म्हणून. त्या काही बोलल्या नाहीत.

जुलैत कळलं. पाटीच्या खालच्या दोन कडा अशा फुगल्या की मारी बिस्किट चहात बुडवल्यासारख्या. वरचा पातळ सागाचा पापुद्रा सुटून वर आला आणि आत निघालं एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला तो बोर्ड. सागवान होतं की, अर्धा मिलिमीटर. हाताने काय केलं असेल तर हाताने चिकटवलं असेल. कोकणातला पाऊस म्हणजे एमडीएफची परीक्षाच, इथे खऱ्या लाकडाची दारं लागत नाहीत पावसाळ्यात तर याचं काय घेऊन बसलात.

पण लाकडाचं मी एकवेळ सोडून दिलं असतं. खरी गंमत दुसरीच होती आणि ती मला पहिल्या आठवड्यातच कळायला हवी होती.

आमच्या खोल्यांच्या भिंती चिऱ्याच्या, दीड फुटी. आत मोबाइलची रेंज येत नाही, एक कांडी आली तरी नशीब. पाहुणा खोलीत येतो, पाटी बघतो, स्कॅन करतो, आणि स्क्रीनवर पांढरं पान आणि ते गोल गोल फिरणारं चक्र. कारण त्या विकणाऱ्याने काय केलेलं तर सगळं, म्हणजे वायफायचा पासवर्डसुद्धा, त्यांच्या वेबसाइटवरच्या एका पानावर ठेवलेलं. क्यूआरमध्ये फक्त त्या पानाची लिंक. म्हणजे वायफायचा पासवर्ड बघायला इंटरनेट पाहिजे आणि इंटरनेट पाहिजे तर वायफाय पाहिजे! पाहुणे अंगणात आंब्याखाली जाऊन रेंज पकडायचे, तिथे पान उघडून पासवर्ड पाठ करायचे आणि पुटपुटत खोलीत यायचे. त्यापेक्षा कागद बरा होता, निदान खोलीत तरी होता.

मी त्यांच्या कस्टमर केअरला हे लिहिलं. उत्तर आलं की आमच्या बाकी कुठल्याही ग्राहकाला अशी अडचण आलेली नाही. बरोबर आहे, त्यांचे बाकी ग्राहक पुण्या-मुंबईतल्या कॅफेवाले असतील.

आणि शेवटचा दणका पुढच्या दिवाळीत. पाचही खोल्या भरलेल्या, पाडव्याच्या दिवशी सकाळी एक पाहुणे येऊन म्हणतात, "वहिनी, तुमची पाटी काहीतरी पैसे मागतेय." बघते तर आमच्या पानाच्या जागी "ही सेवा संपली आहे, नूतनीकरण करा" अशा अर्थाचं इंग्रजी पान. वर्षाचं सबस्क्रिप्शन होतं म्हणे, पहिलं वर्ष फुकट, पुढे दरवर्षी चौदाशे नव्व्याण्णव. घेताना बारीक अक्षरात लिहिलेलं असणार, मी वाचलं नाही ही माझी चूक. आठवणीचा मेल स्पॅममध्ये पडलेला सापडला. पण विचार करा, पाटी माझी, भिंत माझी, माहिती मी टाइप केलेली, आणि त्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. पैसे नाही भरले. सातही पाट्या उतरवल्या, दोन बंबात गेल्या, त्या पण नीट जळल्या नाहीत.

इथे माझा भाचा आला. पुण्यात आयटीत आहे, दिवाळीच्या सुट्टीत आलेला, चकल्या खाता खाता त्याने सगळा प्रकार ऐकला आणि म्हणाला, "मामी, वायफायचा क्यूआर असा नसतोच मुळी." त्याने समजावलं ते असं की क्यूआरमध्ये नुसती लिंकच बसते असं काही नाही, साधा मजकूर पण बसतो, आणि वायफायसाठी त्याची ठरलेली पद्धत आहे, नेटवर्कचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार हे तिन्ही थेट त्या चौकोनांतच लिहिलेले असतात. कॅमेऱ्याने वाचलं की फोन स्वतःच विचारतो जोडू का, हो म्हटलं की झालं. इंटरनेट लागत नाही, कुणाची वेबसाइट लागत नाही, सबस्क्रिप्शन लागत नाही. आयफोनच्या कॅमेऱ्याला हे २०१७ पासून येतं, अँड्रॉइडच्या सध्याच्या बहुतेक फोनला येतं. त्याने तिथल्या तिथे माझ्या फोनवर असा क्यूआर बनवून दाखवला, अगदी फुकट, आणि मी माझ्या आठ हजार पन्नासकडे बघत बसले.

आता लाकडाची गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे सगळं लिहितेय.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्या वाडीतली चौदा झाडं पडली. सुपारी, नारळ तर मोजलेच नाहीत. त्यात परसातला फणस होता, माझ्या सासऱ्यांच्या वडिलांनी लावलेला. दोन माणसांच्या कवेत न मावणारा. रस्ते बंद, वीज नाही, दीड महिना अंधार, आणि ते झाड तसंच आडवं पडलेलं. नंतर सासऱ्यांनी ते जळाऊ म्हणून देऊ दिलं नाही, मिलवर नेऊन फळ्या काढून घेतल्या आणि माळ्यावर रचून ठेवल्या, प्रत्येक दोन फळ्यांच्या मधे पट्ट्या घालून, वारा खेळला पाहिजे म्हणून. काय करायचं त्याचं ठरलेलं नव्हतं. पुढच्या वर्षी सासरे गेले. फळ्या राहिल्या.

आमच्या वाडीच्या खालच्या अंगाला एक सुतार राहतात. त्यांचंही नाव टाकत नाही पण वेगळ्या कारणासाठी, त्यांनीच बजावलंय, "वहिनी, फोन नंबर कोणाक देव नका, आहेत ती कामां झेपत नाय." तर त्यांना मी एमडीएफची फुगलेली पाटी दाखवली आणि माळ्यावरची फळी दाखवली. त्यांनी फळी खांद्यावर घेऊन अंगणात आणली, उन्हात आडवी धरून एक डोळा मिटून पीळ बघितला, रंध्याचा एकच हात मारला. आतून जो पिवळा निघाला ना, अगदी हळदीचा हात लावल्यासारखा. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या. थोड्या वेळाने चहा घेऊन आल्या.

पाटी अशी आहे. सहा इंच रुंद, आठ इंच उंच, पाऊण इंच जाड. पुढून साधी, नक्षी नाही, फक्त वरच्या कडेला फणसाच्या सालीची खरखरीत रेघ तशीच ठेवलेली. मागून एक गोल खाच, रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठी, आणि तीही इतकी खोल की पुढच्या बाजूला जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लाकूड उरतं. हे महत्त्वाचं आहे. एनएफसी फोन टेकवल्याशिवाय वाचत नाही, मधे पाऊण इंच लाकूड राहिलं तर पाहुणा पाटीला फोन घासत बसेल आणि काही होणार नाही. सुतारकाकांना मी हे सांगितलं तर त्यांनी कागदावर गोल काढून विचारलं, "पण मग पुढच्याला कळणार कसा, खय टेकवचा?" म्हणून पुढच्या बाजूला बरोब्बर त्याच जागेवर पटाशीने एक उथळ वाटी कोरली. बोट फिरवलं की लागते. लोक आपोआप तिथेच फोन ठेवतात, ही आयडिया त्या अकराशे पन्नासवाल्यांना सुचली नव्हती.

क्यूआर कोरायला दापोलीत ट्रॉफ्या आणि नेमप्लेट करणारा एक लेझरवाला आहे त्याच्याकडे गेलो. पहिली पाटी वाया गेली. लेझरने जळतं तिथे काजळी उडते आणि ती आजूबाजूच्या पिवळ्या भागावर बसते, मग ती घालवायला पॉलिश पेपर मारला तर काळी पूड रेषांमध्ये आणखीच शिरली आणि सगळा क्यूआर करपलेल्या आंबोळीसारखा दिसायला लागला. फोन काही वाचेना. दुसऱ्या वेळेला आधी वरून कागदी टेप चिकटवली, तिच्यावरून लेझर मारलं, मग टेप काढली, स्वच्छ. मग सुतारकाकांनी आधी सीलर लावून घेतलं आणि कोरलेल्या चौकोनांत काळा ऑइलपेंट भरून वरचा पुसून काढला. सीलर आधी लावायचं, नाहीतर रंग लाकडाच्या नसांमधून पसरतो आणि चौकोन एकमेकांत मिसळतात.

आणि क्यूआर जितका साधा तितका लाकडावर बरा. आत मजकूर जास्त असला की चौकोन वाढतात आणि बारीक होतात. सगळ्यात छोटा क्यूआर एका बाजूला २१ चौकोनांचा असतो आणि सगळ्यात मोठा १७७ चा. तुम्ही गूगल ड्राइव्हची ती गावभर लांब लिंक घातलीत तर दोन इंचात चौकोन राईएवढे होणार, कागदावर चालतील, फणसाच्या रेषांवर चालणार नाहीत. आमचा वायफायवाला २९ चौकोनांचा आहे, अडीच इंचात, म्हणजे एकेक चौकोन दोन मिलिमीटरच्या वर. चारी बाजूंनी मोकळी जागा पण सोडायची, किमान चार चौकोनांएवढी. लेझरवाला तिथे वेलबुट्टी काढायला बघत होता, त्याला हात जोडले. क्यूआर बनवताना चुका सोसायची पातळी निवडता येते, सगळ्यात वरच्या पातळीला जवळजवळ ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो पण मग चौकोनही वाढतात, त्यामुळे भाच्याने मधली ठेवली. (मुळात हे क्यूआर १९९४ मध्ये जपानमध्ये गाड्यांच्या सुट्या भागांचा हिशोब ठेवायला काढलेले, कारखान्यात तेलकट हात लागून खराब झाले तरी वाचता यावेत म्हणून ही सोय. आमच्याकडे खोबरेल तेलाचे आणि सोलकढीचे हात लागतात, एकच.)

प्रत्येक पाटीवर आता दोन क्यूआर आहेत. वरचा मोठा, वायफायचा, सगळं आतच. खालचा छोटा, आमच्या पानाचा. आधी वायफाय घ्या मग खालचं उघडा, आणि तसं ओळीने लिहिलंय. आणि सगळ्यात खाली सुतारकाकांच्या मुलाने ब्रशने रंगवलेलं नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड, सुवाच्य, कारण पंचाहत्तरीचे आजोबा येतात त्यांना स्कॅन बिन नको असतं, आणि लॅपटॉपवाल्यांना तर टाइप करावाच लागतो. झिरो आणि ओ पासवर्डमधून हद्दपार. सगळी छोटी इंग्रजी अक्षरं, मधे आकडे, अर्धविराम वगैरे चिन्हं अजिबात नाहीत, ती क्यूआरच्या त्या पद्धतीत घोळ घालतात.

"पण पासवर्ड बदलला तर?" हे मला सगळे विचारतात. लाकडावर कोरलेला पासवर्ड कसा बदलणार. तर नाही बदलायचा. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क करता येतं, ते केलं, त्याचं नाव-पासवर्ड कायमचा तोच, आणि आमचा घरचा वेगळा, तो मी हवा तेव्हा बदलते. मागच्या मे महिन्यात वीज पडून राउटर जळला, नवीन आणला, त्यात पाहुण्यांच्या नेटवर्कला तेच नाव आणि तोच पासवर्ड दिला, पाट्या जशाच्या तशा चालू. नाव लिहिताना कॅपिटल-स्मॉल अगदी तेच ठेवायचं एवढंच.

खालच्या क्यूआरची लिंक आमच्या स्वतःच्या नावाने घेतलेल्या वेबसाइटच्या पत्त्याची आहे, वर्षाला हजाराच्या आत खर्च. पान कुठेही हलवलं, उद्या भाच्याला कंटाळा आला आणि दुसऱ्याकडून करून घेतलं, तरी पत्ता आपला असल्यामुळे पाटीवरचं कोरीवकाम बदलावं लागत नाही. हा एक मुद्दा कृपया कुठेतरी लिहून ठेवा. पाटी कुणाकडूनही घ्या पण विचारा की यातली लिंक कुणाच्या नावाची आहे, आणि तुमचं दुकान बंद पडलं तर माझ्या पाटीचं काय होणार. समोरचा तत-पप करायला लागला की घेऊ नका.

आता एनएफसीबद्दल. खरं सांगू का, टेकवून उघडणं ही मजेची गोष्ट आहे, पोरं तर दिवसातून दहा वेळा टेकवतात, पण आमच्याकडे दहातले सात-आठ जण स्कॅनच करतात. आपल्याकडच्या स्वस्तातल्या बऱ्याच अँड्रॉइडना एनएफसी नसतंच, ज्यांना असतं त्यातल्या निम्म्यांचं सेटिंगमध्ये बंद असतं. आयफोनवाल्यांना २०१८ पासूनच्या मॉडेलमध्ये आपोआप वाचता येतं पण त्यांचं एनएफसी फोनच्या वरच्या टोकाला असतं आणि ते बिचारे फोनची पाठ टेकवून बघत राहतात. अँड्रॉइडवाल्यांचं बहुतेक पाठीवरच मधे कुठेतरी. शिवाय आयफोन टेकवून थेट वायफायला जोडला जात नाही, ते अँड्रॉइडलाच जमतं, म्हणून आम्ही स्टिकरमध्ये पानाचीच लिंक घातलीय. आमच्या स्टिकरमध्ये जागाही किती तर १४४ बाइट, एक छोटी लिंक मावते, बस झालं.

स्टिकर मिळतात पंचवीस-तीस रुपयांना एक. म्हणजे कुणी तुम्हाला "एनएफसी आहे" म्हणून पाटीमागे पाचशे रुपये जास्त लावत असेल तर हसून सोडून द्या.

दोन चुका आमच्याही झाल्या. एक, स्टिकर लॉक केलेले नव्हते. लॉक नसेल तर कुणीही साध्या ॲपने त्यात दुसरं काहीतरी लिहू शकतो. कॉलेजच्या पोरांचा एक ग्रुप येऊन गेला आणि पुढच्या शनिवारी एका सभ्य कुटुंबाने फोन टेकवला तर भलतंच एक गाणं सुरू झालं, आवाज फुल. भजन असतं तर चाललं असतं. मग सगळे लॉक केले. लॉक कायमचं होतं, परत बदलता येत नाही, म्हणून आधी लिंक दहा वेळा तपासा. दुसरी चूक, जेवणाच्या पडवीतली पाटी मी लोखंडी कपाटाच्या दाराला लावलेली. धातूवर एनएफसी चालत नाही, क्यूआर वाचायचा पण टेकवून काही नाही. महिनाभर मला वाटत होतं स्टिकर खराब आहे. तिथून काढून लाकडी खांबाला लावली, पहिल्या फटक्यात चालली. धातूवर चालणारे वेगळे स्टिकर मिळतात पण कपाटाची हौस काही नव्हती मला.

आणि शब्दांचं राहिलं. पहिल्या पाट्यांवर "टॅप हिअर" होतं, त्यातली एक बेसिनच्या वर लावलेली. एक आजी अर्धा तास शोधत होत्या. शेवटी मला बोलावून म्हणाल्या, "अगं इथे टॅप लिहिलंय, पण नळ कुठाय?" तेव्हापासून ठरवलं. आता सरळ "फोन इथे टेकवा" असं मराठीत, आणि खाली बारीक हिंदी-इंग्रजी पण देवनागरीतच, बाहेरच्या पाहुण्यांना चित्रावरून कळतं.

पानावर काय आहे ते पण सांगते कारण पाटी कितीही छान असली तरी उघडल्यावर "वेलकम टू अवर होमस्टे" दिसलं तर लोक दोन सेकंदात बंद करतात. आमच्याकडे पहिली ओळ आहे, "मासे हवे असतील तर सकाळी आठच्या आत सांगा." मग हर्णैच्या बंदरावरचा लिलाव बघायला किती वाजता निघायचं, कड्यावरच्या गणपतीला पायऱ्यांनी जायचं की गाडीने, दाभोळ-धोपावे फेरीबोट पकडून गुहागरला कसं जायचं, वेळासला कासवं बघायची तर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये या आणि आधी चौकशी करून या, सुवर्णदुर्गाला होडी समुद्र बघून सुटते त्यामुळे हट्ट करू नका. गीझरचा स्विच दाराबाहेर का आहे याचं उत्तर. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर पंखा आणि वायफाय चालतं, एसी चालत नाही, हे ठळक. हे सगळं मी दर आठवड्याला फोनवरूनच बदलते, आज सुरमई आली नाही तर तेही टाकते. रात्री साडेदहाच्या हाका बंद झाल्यात.

पैसे देण्याचा क्यूआर मात्र पाटीवर घातलेला नाही, दोघा-तिघांनी सुचवलं तरी. लाकडावर कोरलेला बदलता येत नाही हे खरं पण त्याच्यावर कुणी दुसऱ्याचा स्टिकर चिकटवला तर मला दुपारपर्यंत कळणार नाही. पैशाचा क्यूआर माझ्याजवळ काउंटरला, डोळ्यासमोर.

खर्च: सुतारकाकांची मजुरी साडेतीनशे, लेझर एकशे वीस, स्टिकर तीस, म्हणजे पाटीमागे पाचशे. सात पाट्यांचे साडेतीन हजार, वाया गेलेली आठवी सोडून. लाकूड घरचं. विकत घेतलं असतं तर वाढले असते.

दीड वर्षात काय झालं? एक पूर्ण पावसाळा आणि आता दुसरा अर्धा, एकही पाटी फुगली नाही, पीळ नाही, चीर नाही. खोली क्रमांक तीनमधल्या पाटीला मागच्या ऑगस्टमध्ये पांढरी बुरशी आली, ती भिंत तशीही ओली असते, कोरड्या फडक्याने पुसली आणि वर जवसाच्या तेलाचा हात दिला, गेली. आता मागे दोन छोटे बूच चिकटवलेत म्हणजे भिंतीला अंतर राहतं.

तक्रार एकच आणि ती लाकडाच्या स्वभावाची आहे. फणसाचं लाकूड उजेडाने गडद होत जातं. पडवीतली पाटी हळदीसारखी पिवळी होती ती आता गुळासारखी झालीय, दिसते अप्रतिम, पण काळे चौकोन आणि मागचं लाकूड यातला फरक कमी झालाय. दिवसा काही नाही, रात्री पिवळ्या बल्बखाली काही जुन्या फोनना दोन-तीनदा धरावं लागतं. सुतारकाकांना दाखवलं तर म्हणाले, "तां तर आणखी काळां होतला, फणस तो." मग उपाय? वरच्या क्यूआरपुरती चौकोनी जागा हलकी खरवडून परत उजळ करायची आणि पेंट पुन्हा भरायचा, दोन-तीन वर्षांतून एकदा. मला चालेल. ज्यांना हे नको त्यांनी फिकट राहणारं लाकूड घ्यावं. शिसवाच्या भानगडीत पडू नका, दिसायला राजेशाही असतं पण काळ्यावर काळं कोरणार कसं, आणि उलटा म्हणजे काळ्यावर पांढरा क्यूआर काही फोन वाचतच नाहीत.

तर पाचपैकी मी सव्वाचार देते. पाऊण मार्क त्या गडद होण्याला आणि टेकवायच्या नखऱ्यांना कापला. पहिल्या ऑनलाइनवाल्यांना एक, तोही पॅकिंग चांगलं होतं म्हणून.

एक पाहुणे गेल्या डिसेंबरात आले होते, निघताना पाटीवर हात फिरवून विचारलं हे कसलं लाकूड. सासूबाई तिथेच होत्या, त्यांनी मग त्यांना परसात नेऊन फणसाचं खोड दाखवलं, जिथून आता दोन नवे धुमारे फुटलेत, आणि वादळाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. पाहुण्यांची खेडची गाडी चुकता चुकता राहिली.

आता मैत्रिणीला पाच हव्यात. सुतारकाका गणपतीपर्यंत काही हाती लागत नाहीत, सगळ्या वाडीचे पाट आणि चौरंग त्यांच्याकडे आहेत. आणि माळ्यावर फणसाची दीडच फळी उरलीय, ती सासूबाईंनी नातीच्या लग्नातल्या पोळपाटासाठी राखून ठेवलीय. नात सध्या सातवीत आहे. ज्यांना मागायची असेल त्यांनी त्यांनाच विचारा, मी मधे पडणार नाही.